एकेचाळीस किल्ल्या

हिवाळ्यात माझं काम एवढंच:
रिकाम्या घरांना थंडी वाजू द्यायची नाही.

तळ्याकाठची एकेचाळीस घरं, एकेचाळीस किल्ल्या,
प्रत्येकीला दोरा. लाल म्हणजे मागचं दार,
निळा म्हणजे कुलूप आधी फुंकर मारून उबवायचं,
पिवळा म्हणजे मालकीणबाईंना फोटो पाठवायचा.
दर मंगळवारी, दर शुक्रवारी
गुडघाभर बर्फ तुडवत जाते,
नळ सोडून बघते, काटा बघते.
काटा पन्नासावर हवा.
व्हरमाँटच्या मोजमापात पन्नास म्हणजे ऊब नव्हे,
पाइप फुटू नयेत एवढीच दया.

आमच्या ट्रेलरमध्ये काटा नाही.
रॉइस सकाळी तोंडाची वाफ सोडून बघतो
आणि सांगतो, आज बरं आहे.
ट्रेलरच्या पोटाखाली गवताच्या पेंढ्या कोंबल्यात,
खिडक्यांना प्लास्टिक;
वारा आला की ते आजाऱ्याच्या छातीसारखं
आत-बाहेर होतं.
लग्न पाहिलं करून, त्याला बारा वर्षं झाली.
घर पाहायचं राहिलं.

पाहायला गेलो नाही असं नाही.
बंद डेअरीसमोरचं म्हाताऱ्या थिबोडोचं घर,
खाली दोन खोल्या, वर एक, छपराला बाक.
रॉइसनं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या,
मी टेबल कुठं ठेवायचं ते मनात ठरवलं.
बँकेतून परत येतोय तोवर
बॉस्टनच्या कुणीतरी ते घेतलं होतं,
न बघता, रोखीनं, फोनवर.
त्याची किल्ली असते आता माझ्याकडे.
हिरवा दोरा.

मागच्या साली दवाखान्याला नर्स मिळाली होती.
विन्फ्रेड नाव. रुंद हाताची, मोठ्यानं हसणारी.
सात आठवडे तपासणीच्या टेबलावर झोपली,
पेशंट यायच्या आत पांघरुणाची घडी
बँडेजच्या कपाटात सारायची.
आठव्या आठवड्यात कपाटात
फक्त बँडेज.

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
मोठ्या घरांचे जनरेटर आपोआप सुरू होतात.
काळोखात तळ्याच्या काठानं ती घरं
घूं घूं करायला लागली,
आत कुणीही नसताना.
आमच्या एमेटचे ओठ जांभळे दिसले,
तेव्हा मी दोऱ्यांमधून हिरवा शोधला.

पलंगांना हात लावला नाही.
स्वयंपाकघरात फरशीवर आमचंच अंथरूण टाकलं,
काटा सत्तरीवर नेला.
ऊब आली तसा पोरगा वर पळाला, खाली आला.
पायऱ्या चौदा आहेत, म्हणाला.
तेरा, रॉइस म्हणाला. मी मोजल्यात.
मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला,
नवीन केला असेल जिना.

सकाळी बॉस्टनहून फोन.
तिथं त्यांना फोनवर दिसतं सगळं:
रात्री सव्वादोनला तापमान चढलं, काही बिघाड?
नाही, म्हटलं. वीज गेली होती, बघून आले.
पाइप ठीक आहेत.
डेल्फीन, म्हणाल्या,
तू नसतीस तर त्या घराचं काय झालं असतं!

मार्चमध्ये गावसभा. शाळेच्या जिममध्ये,
बीन्सचं पातेलं, पाय, ओले बूट.
विषय सातवा: डेअरीमागच्या कुरणात सहा घरं,
भाडं झेपेल असं.
ज्यांना इथं मत नाही त्यांनी पत्रं धाडली होती.
एकात लिहिलं होतं,
त्या कुरणात संध्याकाळी हरणं येतात.

येतात खरी.
मीही पाहिलीयेत,
ट्रेलरखालच्या आमच्या पेंढ्या ओढून खाताना.

हात वर करा, म्हणाले.
मी केला, तर कोटाच्या खिशात
सगळ्या एकदम वाजल्या.
पुढच्या ओळीतल्या दोघांनी वळून पाहिलं.
मोजणाऱ्यानं पेन्सिल माझ्याकडे रोखली,
मला मोजलं, पुढं गेला.

मंगळवार होता.
सभा संपली की नळ बघायचे होते.